वाकलेल्या कण्याला वजनाचा ताण

पाठीचा कणा बाजूला वळून त्याबरोबरच स्वतःभोवती पिळला जातो, तेव्हा त्या व्यंगाला स्कोलिओसिस म्हणतात. त्याचे मोजमाप उभ्याने काढलेल्या एक्स-रेवर, वाकाच्या दोन्ही टोकांच्या सर्वाधिक कललेल्या मणक्यांवरून रेषा ओढून, त्यांच्यातील कोनाने करतात. जॉन कॉब यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कोन 10 अंशांच्या आत असेल तर त्याला व्यंग समजत नाहीत. तो 90-100 अंशांपलीकडे गेला, की मात्र बरगड्यांचा पिंजरा आकसतो आणि मूल चार पायऱ्या चढताच धापा टाकू लागते.

असा कणा एकाच शस्त्रक्रियेत ताणून सरळ करणे धोक्याचे असते, कारण आखडलेल्या स्नायूंबरोबर आतील मज्जारज्जूही त्या वाकाला सरावलेला असतो आणि तो एकाएकी ताणला गेला तर पाय लुळे पडू शकतात. म्हणून काही रुग्णांना आधी तीन ते आठ आठवडे, क्वचित अधिक काळ, ‘हेलो-ग्रॅव्हिटी ट्रॅक्शन’ देतात. यातील हेलो, म्हणजे डोक्याभोवतीचे धातूचे कडे, 1959 मध्ये कॅलिफोर्नियातील पेरी आणि निकेल यांनी पोलिओने मान लुळी पडलेल्या रुग्णांसाठी पुढे आणले. ते वजनाला जोडून कणा हळूहळू ताणण्याची रीत फ्रान्समधील लियॉनच्या स्तान्यारा यांनी रूढ केली.

भूल देऊन हे कडे कवटीच्या बाहेरच्या थरात पिनांनी बसवतात. प्रौढांना बहुधा चार पिना पुरतात, पण मुलांची कवटी पातळ असल्याने सहा ते आठ पिना, त्याही कमी जोराने आवळतात. कड्याची दोरी कप्पीवरून जाते व तिला वजन लावतात. एक-दोन किलोंपासून सुरुवात करून ते शरीराच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, काही ठिकाणी निम्म्यापर्यंत, म्हणजे 24 किलोच्या मुलाला 8 ते 12 किलो, वाढवत नेतात. दिवसा मूल व्हीलचेअरवर बसते किंवा वॉकर धरून चालते, आणि रात्री डोक्याकडून उंच केलेल्या पलंगावर कमी वजनाने झोपते. परिचारिका रोज त्याला डोळे दोन्ही बाजूंना फिरवायला, जीभ बाहेर काढायला, पायाची बोटे हलवायला सांगते. एकाचे दोन दिसू लागले किंवा जीभ एकीकडे झुकली, तर मज्जातंतूंवर ताण आला असे समजून वजन उतरवतात. या पद्धतीचे खरे बळ इथेच आहे, कारण जागे असलेले मूल स्वतःच धोक्याची सूचना देते. याच काळात आहार आणि श्वसनाचे व्यायाम यांनी त्याला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी तयार करता येते.

मान अस्थिर असेल किंवा मज्जारज्जूची नळी अरुंद असेल, तर हा उपाय टाळतात. आणि आधुनिक स्क्रू व हाड कापण्याच्या तंत्रांमुळे तो किती रुग्णांना लागतो, याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत.

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावाला अडचण वेगळीच असते. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘घाटी’ हे शासकीय रुग्णालय आहे, तरी अशा शस्त्रक्रियेसाठी अनेकदा पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते, आणि ऐन कापूस वेचणीत आई किंवा वडील दोन महिने खाटेशेजारी बसले, की घरची मजुरी बुडते. शस्त्रक्रियेच्या खर्चाची चर्चा होते, या बुडीत मजुरीची क्वचितच.

वाक वाढण्याआधी ओळखणे मात्र घरीही जमते: मुलाला सदरा काढून, गुडघे ताठ ठेवून पुढे वाकायला सांगावे, आणि पाठीची एक बाजू उंच दिसल्यास उभ्याने एक्स-रे काढून अस्थितज्ज्ञांना दाखवावे. घरी लोंबकळवून किंवा मालिशवाल्याकडून ओढून घेऊन कणा सरळ करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.