तेजी आली, पण कुणाच्या घरी?

तेजी आली म्हटलं की पैसा नेमका कुणाच्या घरी गेला, हेही विचारावं लागतं.

पहिले महायुद्ध 1918 साली संपले आणि अमेरिकेत लवकरच भरभराटीचे दिवस आले. फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार 1908 साली 850 डॉलरला मिळे. 1925 च्या सुमारास ती 300 डॉलरच्या आत आली. मोटारी, रेडिओ हप्त्यांनी घरात येऊ लागले. पण ही झाली शहरांची गोष्ट. युद्धकाळात चढ्या भावाने, कर्ज काढून जमिनी घेतलेल्या शेतकऱ्याच्या मालाचे भाव 1920 नंतर घसरले. भाव गेला, कर्ज मात्र राहिलं. 1929 साली शेअरबाजार कोसळला, त्याच्या आधीच तिथला शेतकरी खचला होता.

आता आपल्या राहाता परिसराकडे या. दारणा धरण 1916 साली झाले. गोदावरीचे कालवे वाहू लागले आणि कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. पुढे 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवराकाठही भिजला. शेतकरी गुऱ्हाळं लावून गूळ करी. 1929 नंतरच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव पडले. खतासाठी काढलेलं कर्ज अंगावर आलं आणि सावकार दारात उभा राहिला.

त्यातच 1932 साली सरकारने परदेशी साखरेवर जबर जकात बसवून देशी धंद्याला संरक्षण दिले. देशातले कारखाने तीसेक होते, ते पाच वर्षांत 130 च्या वर गेले. ही आपली तेजी! टिळकनगरचा कारखाना 1933 सालचा. पण खासगी कारखान्यांनी जमिनी खंडाने घेऊन स्वतःच ऊस पिकवला. कित्येक शेतकऱ्यांच्या हाती उरला तो नुसता खंड.

लोणी हे गाव आज राहाता तालुक्यात आहे. तिथे विठ्ठलराव विखे पाटलांनी 1923 सालीच सहकारी पतपेढी काढली होती. त्या सवयीवर, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्याने, शेतकऱ्यांचा साखर कारखाना 1950 च्या अखेरीस सुरू झाला.

पाणी सरकारने आणलं, संरक्षण कायद्याने दिलं. पण साखरेतला वाटा शेतकऱ्याला मिळाला तो कारखान्यात त्याचा स्वतःचा शेअर आला तेव्हाच.