डावे रेणू, उजवे रेणू

पुदिना आणि बाळंतशोपा यांचे वास कोणीही डोळे मिटून ओळखील. तरी दोन्ही वासांच्या मुळाशी कार्व्होन हे एकच द्रव्य आहे, असे सांगितले तर आपणांस नवल वाटेल. अणू तितकेच, त्यांची जोडणीही तीच. परंतु पुदिन्यातील रेणू हा बाळंतशोपांतील रेणूचे आरशातले प्रतिबिंब होय. दक्षिणावर्ती शंख वामावर्ती शंखाशेजारी कसाही फिरवून ठेवा, वेटोळी जुळत नाहीत, तसेच हे.

हा भेद वासापुरताच असता तर त्याची एवढी चिंता नव्हती. पण रक्तदाबावरील अॅम्लोडिपिनच्या नेहमीच्या गोळीत दोन्ही रूपे निम्मी-निम्मी असतात आणि काम करते ते प्रामुख्याने डावे. म्हणून केवळ डाव्या रूपाची 2.5 मिलिग्रॅमची गोळी 5 मिलिग्रॅमच्या गोळीची जागा घेऊ शकते. पेनिसिलामीनचे तर एक रूप औषध आणि दुसरे विषारी. या संदर्भात थॅलिडोमाइडचे नाव हटकून घेतले जाते. परंतु त्याची दोन्ही रूपे शरीरात एकमेकांत पालटतात, तेव्हा केवळ वेगळी करून ती आपत्ती टळली नसती, हेही सांगितले पाहिजे.

वेगळी करावयाची तरी कशी? वजन एक, द्रवणबिंदू एक, पाण्यात विरघळणेही एकसारखे. 1848 मध्ये लुई पाश्चर यांनी टार्टारिक अम्लाच्या एका लवणाचे स्फटिक चिमट्याने निवडून दोन ढीग केले. पण असे सोईचे स्फटिक फारच थोडे पदार्थ देतात. अंधारात डावी-उजवी चप्पल पायाला कळते, चौरस पाटाला कळत नाही. कारण पाय स्वतःच डावा किंवा उजवा असतो. नाकातील प्रथिनेही तशीच, म्हणून त्यांना पुदिना कळतो.

असा 'पाय' शास्त्रज्ञांना सापडला तो कापसात! एके काळी ज्याच्या गिरण्यांनी इंदूर गजबजलेले असे, तो कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. ग्लुकोजचे असंख्य रेणू एकापुढे एक जोडून झालेले बहुवारिक, आणि त्यातला प्रत्येक मणी एकाच हाताचा. आपल्या पोह्यांतील स्टार्चमधले अॅमिलोजही ग्लुकोजचेच, फक्त जोडण्याची तऱ्हा निराळी.

नुसता कापूस मात्र पुरत नाही. जपानचे योशिओ ओकामोतो आणि त्यांचे सहकारी यांनी 1980 नंतरच्या दशकात या साखळ्यांना कार्बामेट नावाचे गट जोडले. त्यामुळे पिळदार साखळीच्या कडेने विशिष्ट घडणीच्या खाचा तयार होतात. या द्रव्याचा पातळ लेप सिलिकाच्या कणांवर देतात. कण मिलिमीटरच्या सुमारे 200 व्या भागाएवढे. ते वीतभर लांबीच्या पोलादी नळीत ठासून भरतात आणि औषधाचे द्रावण पंपाने आत ढकलतात. ज्या रूपाची खाचेशी अधिक जवळीक जमते ते रेंगाळते, दुसरे आधी बाहेर पडते. हेच वर्णलेखन. कागदावर दोन शिखरे उमटतात, आणि दुसऱ्या शिखराच्या आकारावरून नको असलेले रूप किती उरले ते समजते. या कामाबद्दल ओकामोतो यांना 2019 चा जपान पुरस्कार मिळाला.

पहिल्या नळ्यांत एक खोट होती. चुकून क्लोरोफॉर्म आत गेला की लेपच विरघळून वाहून जाई आणि महागडी नळी निकामी होई. पुढे साखळी सिलिकावर पक्की बांधण्याची युक्ती निघाली, तेव्हा तीही अडचण दूर झाली.