तीनशे दोन की तीनशे चार?

‘सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल’ अशी बातमी वाचली की बहुतेक वाचक मनातल्या मनात ‘म्हणजे खूनच’ असं म्हणतात आणि पान उलटतात. त्यांचं फार चुकतं असंही नाही. एक माणूस गेलेला असतो आणि तो दुसऱ्या माणसाच्या हातून गेलेला असतो. इंग्रजीतले ‘होमिसाइड’ आणि ‘मर्डर’ हे शब्दही समानार्थी शब्दांच्या यादीत शेजारीशेजारीच सापडतात. पण न्यायालयात आरोपीला यांपैकी कोणता शब्द चिकटतो, यावर तो फासाच्या दोरापर्यंत जाणार, जन्मठेप भोगणार, की काही वर्षांनी घरी परतणार हे ठरतं. या दोन शब्दांमधली हद्द आपल्याकडे दीडशेहून अधिक वर्षं आखली जाते आहे, आणि त्या आखणीत मुंबई-नागपूरच्या न्यायाधीशांचा वाटा मोठा आहे.

होमिसाइड हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला शब्द. माणसाने माणसाला मारणं, एवढाच त्याचा अर्थ. त्यात निंदा नाही. जल्लादाने दिलेली फाशी, सीमेवरच्या सैनिकाची गोळी, दरोडेखोराशी झटताना घरमालकाच्या हातून गेलेला बळी, हे सगळं होमिसाइडच. म्हणून गुन्हा सांगायचा तर कायद्याला त्याच्यामागे ‘कल्पेबल’ हे विशेषण लावावं लागतं. आपल्याकडे ते ‘सदोष’ झालं. मर्डर मात्र अस्सल जुन्या इंग्रजी मातीतला, आणि आपल्या ‘मृत्यू’चा दूरचा भाऊबंद. मुळात तो लपूनछपून केलेल्या हत्येसाठी वापरला जाई. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर एखादा नॉर्मन मेलेला आढळला आणि मारेकरी हाती लागला नाही, तर त्या भागातल्या सगळ्या लोकांवर दंड बसे. त्या दंडाचं नावही याच शब्दावरून पडलं होतं. मेलेला माणूस नॉर्मन नसून इंग्रज होता असं सिद्ध केलं की दंड माफ! ही तऱ्हा १३४० पर्यंत चालली.

पुढे इंग्लंडमध्ये खुनाची ओळख ‘आधीपासून मनात धरलेला दुष्टावा’ अशी ठरली, आणि तो नसेल तर गुन्हा ‘मॅनस्लॉटर’. ऐकायला हे सोपं वाटतं. पण इंग्रज न्यायाधीशांनी या शब्दप्रयोगाला इतकं ताणलं की शेवटी दुष्टावाही लागेना आणि आधीपासूनची तयारीही लागेना. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये हिंदुस्थानसाठी दंडसंहितेचा मसुदा केला, तेव्हा हा गोंधळ इथे आणायचा नाही असा त्याचा हेतू होता. ही संहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्यात मॅनस्लॉटर नाही. तिथे ‘कल्पेबल होमिसाइड’ आहे. स्कॉटलंडच्या कायद्यातही हीच संज्ञा आजतागायत चालते.

आता कलमं. थोडी किचकट आहेत, पण सगळी गंमत त्यांच्या शब्दांतच आहे.

कलम २९९ सांगतं की जीव घेण्याच्या इराद्याने, किंवा जिने मृत्यू येण्याचा संभव आहे अशी इजा करण्याच्या इराद्याने, किंवा आपल्या कृत्याने मृत्यू येण्याचा संभव आहे हे ठाऊक असताना कुणाला मारलं, तर तो सदोष मनुष्यवध. कलम ३०० मध्ये खुनाच्या चार वाटा आहेत. जीव घेण्याचाच इरादा, ही पहिली. दुसरी अशी की समोरचा माणूस आजारी आहे, एका गुद्द्यानेही जाईल, हे आरोपीला माहीत आहे आणि तरी तो जाणूनबुजून तेवढीच इजा करतो. तिसऱ्या वाटेत, जी इजा करायचा इरादा आहे ती ‘निसर्गाच्या नेहमीच्या क्रमात’ मृत्यू यायला पुरेशी असते. आणि चौथ्या वाटेत कृत्यच इतकं घातक असतं की कुणीतरी मरणार हे जवळजवळ नक्की. संहितेने इथे उदाहरण दिलंय ते गर्दीवर भरलेली तोफ डागणाऱ्याचं. त्याला कुणा एकाला मारायचं नसेलही, पण तो खुनीच.

संहितेतली उदाहरणं वाचनीय आहेत. एक माणूस चोरून नेण्यासाठी कोंबडीवर गोळी झाडतो, आणि झुडपामागे बसलेला दुसराच माणूस मरतो. झुडपामागे कुणी आहे हे त्याला माहीत नव्हतं. कोंबडीचोर तो आहेच, पण सदोष मनुष्यवधाचा दोषी नाही, असं संहिता स्पष्ट सांगते. उलट झुडपामागे माणूस आहे हे ठाऊक असणाऱ्याने दुसऱ्या अजाण माणसाला ‘मार तिकडे गोळी’ असं सांगितलं, तर झाडणारा सुटतो आणि सांगणारा अडकतो. प्रेत तेच, गोळी तीच. फरक कुणाला काय माहीत होतं, याचा.

तरी खरी अडचण राहतेच. ‘मृत्यू येण्याचा संभव असलेली’ इजा आणि ‘मृत्यू यायला पुरेशी’ इजा यांत फरक काय? म्हणजे दोन जवळच्या शब्दांतला भेद सांगताना कायद्याने आणखी दोन जवळचे शब्द आपल्या हातात ठेवले. जेम्स फिट्सजेम्स स्टीफन यांनी, म्हणजे हिंदुस्थानचा पुरावा कायदा रचणाऱ्या आणि व्हर्जिनिया वूल्फच्या सख्ख्या काकांनी, संहितेचं एरवी भरभरून कौतुक केलं. पण या दोन व्याख्या हा तिचा सर्वांत कच्चा भाग आहे, असंही सुनावलं. मला ते पटतं. एवढ्या महत्त्वाच्या जागी मेकॉलेच्या वारसांनी लेखणी जरा अधिक टोकदार करायला हवी होती.

ते टोक काढलं मुंबई उच्च न्यायालयाने, १८७६ मध्ये. गोविंदा नावाचा अठरा वर्षांचा तरुण. बायको पंधरा वर्षांची. त्याने तिला लाथ मारली, पाठीत बुक्क्या घातल्या. ती खाली पडली तेव्हा छातीवर गुडघा टेकून तोंडावर दोन-तीन ठोसे मारले. कवटी फुटली नाही, पण डाव्या डोळ्यावर बसलेल्या ठोशाने मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती पोर गेली. सत्र न्यायालयाने हा खून ठरवला. उच्च न्यायालयात केम्बॉल आणि नानाभाई हरिदास या दोन न्यायमूर्तींचं एकमत होईना, म्हणून प्रकरण न्या. मेलव्हिल यांच्यापुढे आलं.

मेलव्हिल यांनी केलं ते एखाद्या व्याकरणकाराने करावं तसं. दोन्ही कलमं समोरासमोर दोन रकान्यांत मांडली आणि ज्या शब्दांनी फरक पडतो तेवढेच अधोरेखित केले. मग म्हटलं, हा सारा प्रश्न संभाव्यतेच्या मात्रेचा आहे. मर्मस्थानी बसलेला ठोसा किंवा काठीचा फटका मृत्यू आणण्याचा संभव असतो. मर्मस्थानी बसलेली तलवार मृत्यू आणायला पुरेशी असते. गोविंदाचा ठोसा पहिल्या प्रकारातला. त्यामुळे खून नाही, सदोष मनुष्यवध. हा निकाल आजही कायद्याच्या प्रत्येक वर्गात शिकवतात. त्या मुलीचं वय पंधरा होतं आणि तिचा गुन्हा काय होता हे कुणाच्या ध्यानात नाही, हेही इथे म्हणून ठेवतो. दोन रकान्यांच्या त्या तक्त्यात तिला जागा नव्हती.

पण इराद्याचा गुंता शिल्लकच होता. आरोपीने भाला मारला, मृत्यू आला. त्याने म्हणावं की ‘मला फक्त जखमी करायचं होतं.’ हा युक्तिवाद पंजाबमधल्या विरसा सिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भाला पोटात एकदाच घुसला होता, पण आतडी बाहेर आली होती. १९५८ चा तो निकाल व्हिव्हियन बोस यांनी लिहिला. बोस नागपूरचे, तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होऊन मग दिल्लीला गेलेले. त्या पीठावर न्या. गजेंद्रगडकरही होते. बोस यांनी सांगितलं की आरोपीला मृत्यू घडवायचा होता का, किंवा ही जखम प्राणघातक आहे हे त्याला कळत होतं का, हे तिसऱ्या वाटेत विचारायचंच नाही. विचारायचं एवढंच: जी जखम झाली तीच त्याला करायची होती की ती चुकून, ओझरती, भलतीकडेच झाली? तीच करायची होती असं ठरलं, की पुढचा प्रश्न इराद्याचा राहत नाही. ती जखम मृत्यूला पुरेशी होती का, हे वैद्यकीय पुराव्यावरून ठरवायचं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला साक्षीच्या पिंजऱ्यात ‘ही जखम नेहमीच्या क्रमात मृत्यू यायला पुरेशी होती का?’ असा ठरलेला प्रश्न विचारतात, तो याचसाठी. त्याच्या ‘हो’ किंवा ‘शक्य आहे’ या उत्तरावर पुढचे युक्तिवाद उभे राहतात, आणि मुरलेले वकील ‘हो’चं ‘शक्य आहे’ करण्यासाठी दिवस घालवतात.

सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये पुन्नय्या खटल्यात हा हिशेब एका वाक्यात मांडला: सदोष मनुष्यवध ही जात, खून ही तिच्यातली पोटजात. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतोच, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो.

वर चढणारी वाट ही अशी. खाली उतरणारीही एक वाट आहे. खुनाची चारही लक्षणं जुळली, तरी पाच अपवादांपैकी एक लागू झाला की तोच खून उतरून सदोष मनुष्यवध होतो. स्वसंरक्षणाची मर्यादा प्रामाणिकपणे ओलांडली जाणं, अचानक पेटलेलं भांडण, सरकारी नोकराने अधिकाराबाहेर जाणं, मरणाऱ्याची स्वतःचीच संमती, हे त्यांतले चार. पाचवा मुंबईकरांना तोंडपाठ आहे: गंभीर आणि आकस्मिक चिथावणी. २७ एप्रिल १९५९ ला नौदलातले कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या तोंडून तिच्या प्रेमसंबंधाची कबुली ऐकली. तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं, आधी तिचा प्रियकर प्रेम आहुजा याच्या कचेरीत आणि मग त्याच्या घरी गेले. तीन गोळ्या सुटल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते मान्य झालं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडलं आणि तिथे खुनाची शिक्षा झाली, जन्मठेपेची.

लोकांना या खटल्यात रस होता तो प्रेमत्रिकोणाचा. मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकरांचं ‘अपराध मीच केला’ त्याच्यावरच बेतलेलं. कायद्याला मात्र रस होता घड्याळात. पत्नीने कबुली दिली दुपारी दीडच्या सुमारास आणि गोळ्या सुटल्या चार वीसच्या आसपास. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये म्हटलं की जवळजवळ तीन तासांत माणूस भानावर येतो. नानावटींनी केलेल्या गोष्टी बेत आखून केलेल्या दिसतात. चिथावणी गंभीर होती, पण आकस्मिक उरली नव्हती. म्हणजे इथे सगळा भार पडला तो एका विशेषणावर. याच निकालात असंही आहे की नुसते शब्द आणि हावभाव यांनीही आपल्याकडे चिथावणी ठरू शकते. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली, ती वेगळी कथा.

सदोष मनुष्यवधाच्या पोटातही शिक्षेसाठी पुन्हा दोन कप्पे आहेत: इरादा असेल तर कलम ३०४ भाग १, नुसती जाणीव असेल तर भाग २. त्याच्याही खाली, १८७० मध्ये घातलेलं ३०४-अ, निष्काळजीपणाने ओढवलेला मृत्यू. शिक्षा फार तर दोन वर्षं. पुढच्या काळातली सगळ्यात मोठी झटापट याच पायरीवर झाली. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढली. सात गेले, आठ जखमी. सत्र न्यायालयाने हा निष्काळजीपणा मानून सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने तो ३०४ भाग २ ठरवून तीन वर्षं केली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तर्क असा की दारू पिऊन त्या वेगाने गाडी हाकणाऱ्याला माणसं मरू शकतात याची जाणीव असतेच. १८७६ च्या निकालात मेलव्हिल यांनी नुसत्या जाणिवेने होणाऱ्या मनुष्यवधाचं उदाहरण म्हणून बेफाम गाडी हाकणं हेच दिलं होतं. तेव्हा गाडी घोड्याची होती, एवढंच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. २९९ चं १०० झालं, ३०० चं १०१, खुनाच्या शिक्षेच्या ३०२ चं १०३, ३०४ चं १०५. व्याख्या जवळपास शब्दशः त्याच राहिल्या. स्टीफनचा आक्षेपही त्यांच्याबरोबर नव्या घरात आला. शिक्षांमध्ये बदल आहेत. इरादा असलेल्या सदोष मनुष्यवधाला आता किमान पाच वर्षं आहेत, आणि निष्काळजीपणाच्या मृत्यूला दोनऐवजी पाचपर्यंत. त्या तारखेआधीचे गुन्हे जुन्याच कलमांखाली चालतात, त्यामुळे कोर्टाच्या फलकावर दोन्ही आकडे कितीतरी वर्षं एकत्र दिसणार.

नाक्यावरच्या बोलीत तर जुनेच आकडे पक्के आहेत. ‘तीनशे दोन लागलं’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. खुनाचा प्रयत्न म्हणजे जुनं ३०७, आताचं १०९, त्याला ‘हाफ मर्डर’ हे झकास नावही मिळालंय. त्याच्या शेजारचं ३०८, म्हणजे सदोष मनुष्यवधाचा प्रयत्न, हाही तितकाच खरा गुन्हा आहे. पण त्याला ‘हाफ होमिसाइड’ म्हणताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.