शहागंजातल्या मोबाईलवाल्या टीमसाठी: फाळके आणि वाटाण्याचा वेल

चर्चवर माहितीपट करायचाय, पण माणसं तीन आणि मोबाईल एक, म्हणून अडलेल्या आपल्या पोरांसाठी ही पोस्ट.

1910-11च्या सुमारास दादासाहेब फाळके मुंबईत ‘द लाइफ ऑफ ख्राइस्ट’ बघून आले आणि झपाटले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून 1912 मध्ये लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. चित्रपटासाठी भांडवल हवं होतं. पैसे देणाऱ्यांना तंत्र दाखवायला मग कुंडीत वाटाणा लावला. कॅमेरा हलवायचा नाही, थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घ्यायची. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात! आज ज्याला आपण टाइमलॅप्स म्हणतो, तेच हे. ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म बघून यशवंत नाडकर्णींनी कर्ज दिलं. फिल्मला भोकं पाडायला, धुवायला पत्नी सरस्वतीबाई होत्याच. टीम म्हणजे घरचीच माणसं. पुढच्याच वर्षी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

छोट्या टीमचं आणखी एक उदाहरण: ख्रिस्तचरित्रावरचा आपल्याकडचा गाजलेला चित्रपट म्हणजे 1978चा तेलुगू ‘करुणामयुडु’, हिंदीत ‘दयासागर’. प्रोजेक्टर, पडदा घेऊन छोटे संच तो गावोगाव दाखवत फिरले.

आता आपल्या माहितीपटाचा विषय? औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचं काम करणारे रेव्ह. रतनजी नौरोजी मूळचे पारशी होते. मला तर एवढ्यावरच पूर्ण माहितीपट दिसतो. सुरुवातीचा शॉट शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याचा घ्या. स्टँड मात्र घट्ट बांधा, रिक्षांच्या गर्दीत धक्का लागतोच.