साखरपुड्याआधी रक्ततपासणी

छत्तीस गुण जुळवताना नाडीसुद्धा पाहिली जाते, हिमोग्लोबिन मात्र कोणी विचारत नाही. दिवस गेल्यावर काळजी सुरू करायची, असा आपला शिरस्ता. पण गर्भाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, आणि कित्येकींना शंकाही आलेली नसते. म्हणून रोजचं ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड निदान महिनाभर आधीच सुरू व्हायला हवं. रुबेलाची लसही आधीच. ती घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते.

खरा घोळ आनुवंशिक रक्तविकारांच्या वाहकांचा. नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकलसेल आढळतो, सिंधी आणि लोहाणा समाजांत थॅलेसेमिया तुलनेने जास्त. वाहक धडधाकट असतो, त्यामुळे त्याला पत्ताच नसतो. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तिन्ही ठीक’ हा हिशेब साफ चुकीचा. दर वेळी फासा नव्याने पडतो.

दोघेही वाहक असा अहवाल आला म्हणून लग्न मोडायलाच हवं असं नाही. दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी होऊ शकते, समुपदेशकाशी आधी बोलता येतं. स्वतः सिकलसेलग्रस्त मुलीचं गरोदरपण मात्र जोखमीचंच. ते पहिल्या दिवसापासून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हवं.

आणि रक्त दोघांचंही तपासा, एकट्या मुलीचं नको.