यंत्रलिखित मजकुराचा संदर्भ आणि शोधक प्रणालीचा कौल

पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांपुढे गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. चॅटजीपीटीसारख्या यंत्राने लिहून दिलेला मजकूर निबंधात घेतला, तो अवतरणचिन्हांत ठेवला आणि खाली तळटीप दिली, तर तो निबंध निर्दोष ठरतो काय? आणि तोच निबंध संगणकावरील शोधक प्रणालीतून गेला, तर त्या तळटिपेची प्रणाली काही दखल घेते काय? जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे ज्याच्या कार्यक्षेत्रात येतात त्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १९९० साली झाली. त्यामुळे ज्यांना पूर्वी उच्च शिक्षणासाठी पुण्याच्या विद्यापीठाकडे पाहावे लागे, त्या घरांतील मुलेमुली आज खानदेशातच राहून प्रबंध लिहू शकतात. त्यांपैकी कित्येकांच्या घरात प्रबंध लिहिणारी ही पहिलीच पिढी आहे. म्हणून हा प्रश्न केवळ तांत्रिक म्हणून बाजूला सारता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण फसगत होते ती तेथेच. यंत्रलेखन शोधणारी प्रणाली तळटिपेची दखल घेत नाही. कारण समजून घ्यायचे, तर दोन निरनिराळ्या प्रणालींतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. बोलताना आपण दोहोंनाही 'प्लेजॅरिझमचे सॉफ्टवेअर' म्हणतो आणि सारा घोटाळा तेथून सुरू होतो.

पहिली प्रणाली साम्य शोधते. विद्यार्थ्याचा मजकूर ती आपल्या साठ्यातील पुस्तके, लेख, प्रबंध आणि संकेतस्थळे यांच्याशी ताडून पाहते आणि जुळणारी वाक्ये मूळ ठिकाणासह दाखविते. 'शोधशुद्धी' या योजनेखाली गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१९ पासून विद्यापीठांना अशी प्रणाली पुरविली. प्रथम उरकुंड आणि पुढे ड्रिलबिट. येथे अवतरणे व संदर्भसूची वगळून मोजणी करता येते. म्हणजे प्रामाणिकपणे दिलेल्या संदर्भाला येथे स्थान आहे.

दुसरी प्रणाली यंत्राने लिहिलेला मजकूर शोधते. तिच्यापाशी ताडून पाहण्यासाठी मूळ असे काही नसते, कारण यंत्र दर वेळी नवे वाक्य जुळविते. मग ती पाहते काय? एका शब्दानंतर पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, वाक्यांच्या लांबीत आणि रचनेत किती चढउतार आहे, हे ती अजमावते. सारे काही अपेक्षेप्रमाणे, सपाट आणि गुळगुळीत असेल, तर मजकूर यंत्राचा असण्याची शक्यता ती अधिक धरते. टर्निटिन या प्रसिद्ध कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये अशी सोय सुरू केली. त्यांची प्रणाली निबंधाचे काही शे शब्दांचे तुकडे करते, प्रत्येक वाक्याला गुण देते आणि त्यावरून शेकडेवारी काढते. साम्याचा अंक आणि हा अंक एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, असे कंपनीच सांगते.

यावरून काय निष्पन्न होते ते पाहा. एका विद्यार्थिनीने दोन हजार शब्दांच्या निबंधात यंत्राचा दोनशे शब्दांचा परिच्छेद उघडपणे उद्धृत केला, तळटीप दिली आणि मग त्यातील चुका दाखवून त्याचे खंडन केले. दुसऱ्याने तेवढाच परिच्छेद स्वतःच्या नावावर खपविला. शोधक प्रणालीपुढे हे दोन्ही निबंध सारखेच, कारण ती वाक्याची घडण मोजते, लेखकाचा हेतू मोजत नाही. किंबहुना जो विद्यार्थी यंत्राचा मजकूर घेऊन त्यात जाणूनबुजून शब्द मागेपुढे करतो, तो निसटण्याचा संभव अधिक! म्हणून अहवालातील अंक हा निर्णय नव्हे. कोणता भाग रंगविला गेला आहे, तो अवतरणात आहे की नाही, हे शिक्षकाने स्वतः वाचून पाहिल्याविना त्या अंकाला अर्थ येत नाही.

शिवाय तो अंक बरोबर असेलच असे नाही. चॅटजीपीटी ज्या ओपनएआय कंपनीचे, तिनेच जानेवारी २०२३ मध्ये स्वतःची शोधक प्रणाली काढली होती. कंपनीच्या चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी केवळ २६ टक्के तिला ओळखता आला आणि माणसांनी लिहिलेला ९ टक्के मजकूर तिने यंत्राच्या माथी मारला. त्याच वर्षी जुलैमध्ये, अचूकता कमी असल्याचे कारण देऊन, कंपनीने ती बंद केली. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठानेही त्या वर्षी टर्निटिनची ही सोय थांबविली. त्यांचा हिशेब साधा होता: वर्षाला ७५,००० निबंध तपासले जात असतील आणि चूक एक टक्काच धरली, तरी सुमारे ७५० निबंधांवर खोटा आळ येतो.

आपल्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचे असे एक संशोधन २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी प्रसिद्ध केले. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा परीक्षार्थींचे टोफेल परीक्षेतील ९१ निबंध त्यांनी सात शोधक प्रणालींना दिले. ते सारे माणसांनी लिहिलेले होते. तरीही सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक निबंध यंत्राचे ठरविले गेले. अमेरिकन शाळकरी मुलांच्या निबंधांबाबत मात्र याच प्रणालींची जवळजवळ चूक झाली नाही. कारण उघड आहे. परकी भाषा बेताने शिकलेला माणूस मोजके, ओळखीचे शब्द आणि ठरीव वाक्यरचना वापरतो. त्यामुळे त्याचा पुढचा शब्द सहज ओळखता येतो. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि प्रबंधात इंग्रजी असा प्रवास करून आलेला साक्री किंवा पारोळ्याचा विद्यार्थी नेमका या सापळ्यात सापडतो. व्याकरण चुकू नये म्हणून तो जितकी सावधगिरी बाळगील, तितका तो यंत्रासारखा दिसेल. ज्या समाजाला अक्षरच नाकारले गेले होते, त्याच्या मुलाने लिहिलेले स्वच्छ वाक्य त्याचे नसेलच असा संशय घेणारी माणसे पूर्वीही होती. आता त्या संशयाला शेकडेवारीचा आधार मिळाला आहे.

एक गमतीची गोष्ट येथेच नोंदवितो. अमेरिकेचे संविधान अशा एका प्रणालीला दिले असता ते यंत्राने लिहिल्याचा निर्वाळा तिने दिला, हे २०२३ साली बरेच गाजले. जो मजकूर यंत्राने शिकताना असंख्य वेळा वाचलेला असतो, तो त्याला अत्यंत अपेक्षित वाटतो, हे त्याचे कारण. आपल्या सुत्तांचा विचार करा. पाठांतरासाठी रचलेली, त्याच शब्दांची पुन्हा पुन्हा आवर्तने करणारी ती रचना. तिचे प्रचलित इंग्रजी भाषांतर उद्धृत करणाऱ्या अभ्यासकाने अशा कौलाची तयारी ठेवलेली बरी.

आता कायद्याची बाजू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० असल्यास एक वर्ष थांबावे लागते. ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. हे टक्के साम्याचे आहेत. यंत्रलेखनाच्या अहवालातील ४५ हा आकडा उचलून या पायरीवर ठेवणे, म्हणजे तापमापकावरील अंक तराजूचा म्हणून वाचणे होय. त्या विनियमांत आवश्यक त्या श्रेयनिर्देशासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य वगळले आहे. वर्गातील स्वाध्याय, प्रकल्प-अहवाल आणि उत्तरपत्रिका तर त्यांच्या कक्षेतच येत नाहीत. तेथे शिक्षक व संस्था यांचा नियम चालतो आणि तो आधी लेखी विचारून घ्यावा. हरियाणातील विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याला याच प्रकारच्या आरोपावरून २०२४ साली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली होती.

मग पहिल्या प्रश्नाकडे वळू. यंत्राचा संदर्भ द्यावा तरी कसा? अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या २०२३ च्या पद्धतीप्रमाणे कर्ता म्हणून कंपनीचे नाव, मग वर्ष, प्रणालीचे नाव व आवृत्ती आणि पत्ता देतात. आधुनिक भाषा संघटनेची पद्धत यंत्राला लेखक मानीतच नाही. ती विचारलेला प्रश्न नोंदवायला सांगते. मराठी निबंधात दोहोंचा मेळ घालून प्रश्न, प्रणाली, आवृत्ती आणि दिनांक लिहावा व संपूर्ण संवाद परिशिष्टात जोडावा, हे मला अधिक इष्ट वाटते. कारण तोच प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर तेच येईल याची शाश्वती नसते, आणि ज्या संदर्भापर्यंत वाचक पोहोचू शकत नाही त्याचा उपयोग काय?

परंतु रीत पाळली म्हणजे काम झाले असे नाही. तळटीप वाक्य कोठून घेतले ते सांगते. ते खरे आहे याची ग्वाही देत नाही. समजा, एखाद्याने यंत्राला विचारले की, १९३७ साली धुळ्यास आले असता लळिंगच्या लांडोर बंगल्यात बाबासाहेब काय बोलले? यंत्र एक ओघवते भाषण रचून देऊ शकते, त्याला तारीख आणि ग्रंथाचे नावही चिकटवू शकते. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी यंत्राने दिलेले खटले न तपासता न्यायालयात सादर केले. ते खटले अस्तित्वातच नव्हते आणि पाच हजार डॉलरचा दंड बसला. आपल्याकडे दंड होणार नाही. ते भाषण एका प्रबंधातून दुसऱ्यात जाईल, ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर जमणाऱ्या हजारोंच्या हाती पत्रकातून पडेल आणि दहा वर्षांनी ते खोटे आहे असे सांगणाराच दोषी ठरेल. धुळ्यात राहून जुनी दफ्तरे धुंडाळणाऱ्या वि. का. राजवाड्यांच्या निष्कर्षांशी आपले मतभेद तीव्र आहेत. पण अस्सल कागद पाहिल्याविना लिहू नये हा त्यांचा हट्ट कोणीही घ्यावा असा आहे.

महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथील उपदेशात भगवंतांनी चार महापदेश सांगितले आहेत. एखादा भिक्खू म्हणेल की हे मी स्वतः भगवंतांच्या मुखातून ऐकले, किंवा अमुक संघाकडून, बहुश्रुत थेरांकडून वा एका थेराकडून ऐकले. ते लगेच स्वीकारू नये, धिक्कारूही नये; ते शब्द नीट समजून घेऊन सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावेत. यंत्राच्या उत्तराला याहून अधिक मान देण्याचे कारण दिसत नाही. हे ताडून पाहणे किती कष्टाचे असते याचे उदाहरणही आपल्यापाशी आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला, तेव्हा मूळ इंग्रजी आवृत्तीत ठिकठिकाणचे पालि संदर्भ नव्हते. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना तिपिटकातील ती स्थळे एकेक करून शोधली. आज बाबासाहेबांचे वाक्य म्हणून यंत्राने काही दिले, तर महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या खंडांत ते काढून पाहावे आणि खंड व पृष्ठ त्यांचेच द्यावे. सापडले नाही तर ते वाक्य निबंधात येऊ नये, मग ते कितीही सुंदर असो.

ज्यांच्यावर खोटा आळ येईल त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट राहिली. आयोगाच्या विनियमांप्रमाणे वाङ्मयचौर्याचा आरोप विभागीय समितीपुढे जातो, तिने नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळावयाची असतात आणि ४५ दिवसांत शिफारस द्यावयाची असते. यंत्रलेखनाचा आरोप झाला तरी म्हणणे मांडण्याची हीच संधी लेखी मागावी. तेथे अंकाविरुद्ध अंक मांडून उपयोग नाही. हाताने काढलेली टिपणे, ग्रंथालयातून घेतलेल्या पुस्तकांच्या नोंदी, मार्गदर्शकांनी दुरुस्त केलेले कच्चे खर्डे आणि संगणकावरील निरनिराळ्या दिवशींच्या प्रती दिनांकासह पुढे ठेवाव्यात, आणि त्यासाठी त्या पहिल्या दिवसापासून जपून ठेवलेल्या असाव्यात.