वेताळाचा शेवटचा प्रश्न

संगमनेरला म्हाळुंगी प्रवरेला मिळते. तेच पाणी प्रवरासंगमाला गोदावरीत जातं आणि पुढे पैठणला पोचतं. पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान. ‘कथासरित्सागरा’त वेताळाचं धूड खांद्यावर घेऊन चालणारा राजा त्रिविक्रमसेन, म्हणजे आपला विक्रम, याच प्रतिष्ठानचा. अनिर्णित शेवट ही आधुनिक कादंबरीची देणगी मानणाऱ्यांनी एकदा या राजाकडे पाहावं. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ही गोष्ट लिहिली आणि तिचं मूळ गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’त असल्याचं सांगितलं.

वेताळाचा नियम आपल्याला पाठ आहे. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं. बोललास तर मी परत झाडावर. राजा दरवेळी अचूक बोलतो आणि दरवेळी हेलपाटा पडतो. मग येते शेवटची गोष्ट. रानात बाप-लेकांना दोन बायकांची पावलं उमटलेली दिसतात. मोठ्या पावलांची बापानं करायची, लहान पावलांची लेकानं, असं ठरतं. गाठून पाहतात तर मोठी पावलं मुलीची, लहान तिच्या आईची! तरी शब्द पाळला जातो. आता त्यांची मुलं एकमेकांची कोण? राजाला काही केल्या सुचत नाही. तो मुकाट चालत राहतो, आणि वेताळ प्रसन्न होतो. इतक्या अचूक उत्तरांनी जे साधलं नाही, ते एका प्रामाणिक मौनानं साधलं.

पण आपण विक्रम नाही. आपल्याला गप्प बसवत नाही, इतकंच काय, आपण उत्तर दिलंय हेही आपल्या लक्षात येत नाही. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932च्या ‘रिमेंबरिंग’ या ग्रंथात एक प्रयोग मांडला. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक धूसर लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि नंतर आठवून लिहायला सांगितली. कथेच्या शेवटी नायकाच्या तोंडातून ‘काहीतरी काळं’ बाहेर येतं आणि तो मरतो. काय काळं, ते कथा सांगत नाही. वाचकांनी मात्र सांगून टाकलं! कुणाच्या आठवणीत तोंडाला फेस आला, कुणाच्या आठवणीत प्राण बाहेर पडला. खोटं कुणीच बोलत नव्हतं. रिकामी जागा प्रत्येकानं नकळत आपल्या ओळखीच्या वस्तूनं भरली होती.

आता ‘कोसला’ घ्या. 1963ची भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावाहून पुण्याला शिकायला जातो आणि अखेर गावी परततो. हरून परतला की सुटला? पुणे-नाशिक रस्त्यावरच्या संगमनेरात हा प्रश्न पुस्तकात मावत नाही. मुलगा पुण्याला शिकत असलेली आई, शिकून ऊसशेतीकडे वळलेला तरुण आणि निवृत्त गुरुजी चर्चेला बसले, तर पुस्तक एकच असेल, पण तीन शेवट समोर येतील. वाचक मंडळाची खरी गंमत इथेच आहे. एकट्यानं वाचताना आपण भरलेली जागा आपल्याला पुस्तकाचीच वाटते. शेजारच्यानं ती वेगळ्या तऱ्हेनं भरलेली दिसली की आपला हात ओळखू येतो.

म्हणून काय हवं ते म्हणावं, असं नाही. ‘ताम्रपट’कार रंगनाथ पठारे संगमनेरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. त्या विषयाच्या प्रयोगशाळेत आधी नोंद मागतात, मग निष्कर्ष. चर्चेतही तोच क्रम ठेवावा. ‘शेवटी काय झालं?’ असं विचारलं की भांडण होतं. ‘कुठल्या ओळीवरून असं वाटलं?’ असं विचारलं की पुस्तक पुन्हा उघडतं. ज्या मताला ओळ सापडत नाही ते बहुधा आपलं असतं, लेखकाचं नसतं. पुढच्या बैठकीला पुस्तक सोबत न्या, आणि शेवटची पानं मोठ्यानं वाचून झाल्याशिवाय कुणालाही मत मांडू देऊ नका.